खाडाखोडीतून उमटलेली चित्रे

रवींद्रनाथ ठाकूर हे थोर कवी होत. १९१३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या कवितांच्या वह्यांत आपली दृष्टी खिळते ती खाडाखोडीवर! शब्द नुसता खोडून ठेवणे त्यांच्या जिवावर येई. एक खोडलेली ओळ ते दुसरीशी रेषांनी जोडीत, मधली जागा शाईने भरीत. खालची अक्षरे दिसेनाशी होत आणि तेथे लांब चोचीचा पक्षी, नाहीतर कोणी कधी न पाहिलेला प्राणी अवतरे.

१९२४ साली आजारपणामुळे अर्जेंटिनात मुक्काम पडला असता ‘पूरबी’ या काव्यसंग्रहाची अशी वही व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने पाहिली. त्या हरखून गेल्या. रवींद्रनाथांस मात्र संकोच वाटे. चित्रकलेचे शिक्षण नाही, लाल रंग नीट ओळखू येत नाही, आणि पुतणे अवनींद्रनाथ तर नामांकित चित्रकार! तरीही वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास ते चित्रांत पुरते रमले. कुंचल्यावाचून त्यांचे अडत नसे. चिंधी किंवा बोटही चाले. १९३० साली ओकाम्पोबाईंच्या खटपटीने पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन भरले. कलकत्त्याच्या रसिकांस ही चित्रे पाहावयास मिळाली ती त्यानंतर.

१९४१ साली ते निवर्तले, तोवर २००० हून अधिक चित्रे झाली होती. त्यांतील बहुतेकांस त्यांनी नावच दिले नाही.