डॉ. जॉर्ज क्राइल : रुग्णालयातील धुराने शिकवलेला धडा

तुमच्यावर कधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर रक्तस्राव थांबवण्यासाठी रक्तवाहिनी पकडणारा ‘क्राइल फोर्सेप्स’ नावाचा चिमटा बहुधा वापरला गेला असेल. हे नाव अमेरिकन सर्जन डॉ. जॉर्ज क्राइल यांचे.

त्यांचा जन्म १८६४ सालचा, ओहायो राज्यातला. शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब कोसळून रुग्ण का दगावतो, म्हणजेच ‘शॉक’, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय. १९०६ मध्ये त्यांनी दात्याची रक्तवाहिनी थेट रुग्णाच्या रक्तवाहिनीला जोडून रक्त दिले. १९२१ मध्ये तीन सहकाऱ्यांसह त्यांनी क्लीव्हलँड क्लिनिक सुरू केले.

१५ मे १९२९ रोजी त्याच इमारतीच्या तळघरात एक्स-रे फिल्मच्या साठ्याने पेट घेतला. तेव्हाच्या फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या असत. हा पदार्थ तापला की कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असे विषारी वायू सोडतो. पाइप आणि हवा खेळवण्यासाठी ठेवलेल्या पोकळ मार्गांतून ते काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर पोहोचले. १२० हून अधिक माणसे गेली. क्राइल यांचे संस्थापक सहकारी डॉ. जॉन फिलिप्सही त्यांत होते. लक्षात घ्या, इमारत उभीच राहिली. बहुतेक बळी ज्वाळांचे नव्हते, वायूंचे होते. काही जण तर स्वतःच्या पायांनी बाहेर आले आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचून दगावले.

म्हणून धुरात सापडलेल्या व्यक्तीला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागणे, खोकला किंवा गुंगी वाटली तर थांबू नका.

चौसष्ट वर्षांच्या क्राइल यांनी काही दिवसांतच जवळच्या दुसऱ्या इमारतीत रुग्ण तपासणे पुन्हा सुरू केले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. दुर्घटनेनंतर फिल्म साठवण्याचे नियम कडक झाले आणि सहज न पेटणाऱ्या फिल्मचा वापर वाढला.

आजच्या रुग्णालयात हवेच्या नळ्यांमध्ये आग लागल्यावर बंद होणाऱ्या झडपा असतात, जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्याने हवेचा दाब वाढवतात. पण वॉर्डचा जड, आपोआप बंद होणारा दरवाजा नातेवाईक खुर्ची लावून उघडा ठेवतात, तेव्हा यातले बरेचसे वाया जाते. तो त्रासदायक वाटतो, हे खरे. तरी खुर्ची काढा.