अर्न्स्ट अलेक्झांडरसन

बिनतारी संदेशांची गोष्ट निघाली कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं मार्कोनीचें नांव प्रथम येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु मार्कोनीच्या ठिणगीमागून जो अखंड विद्युत्स्वर महासागरापार जाऊं लागला, त्याच्या जनकाचें चरित्रहि वाचनीय आहे.

अर्न्स्ट अलेक्झांडरसन ह्यांचा जन्म ता. 25 जानेवारी 1878 रोजीं स्वीडन देशांतील उप्साला नगरांत झाला. वडील प्राचीन भाषांचे प्राध्यापक. मुलाचा ओढा मात्र यंत्रांकडे. स्टॉकहोम येथें 1900 सालीं पदवी मिळवून तो बर्लिनला गेला. तेथें स्टाइनमेट्झ ह्या विद्युत्पंडिताचा उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावरील ग्रंथ त्याच्या हातीं आला. ग्रंथ आवडला म्हणून ग्रंथकाराला शोधीत समुद्र ओलांडणारे वाचक थोडेच! 1901 सालीं तो अमेरिकेंत उतरला, स्टाइनमेट्झ ह्यांस भेटला, आणि 1902 सालीं स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत कामास लागला.

1904 सालीं फेसेन्डन नांवाच्या संशोधकानें कंपनीकडे एक विलक्षण मागणी केली. ठिणगीपासून निघणारी लहर टाळीसारखी असते. वाजते आणि विरते. फेसेन्डनला सनईच्या लांबवलेल्या सुरासारखी न तुटणारी लहर हवी होती. घरांतील दिव्याचा प्रवाह सेकंदांत पन्नास-साठ वेळां कंप पावतो. त्याला एक लक्ष कंपनांच्या जवळपास जाणारें यंत्र हवें होतें. हें काम तरुण अलेक्झांडरसन ह्यांच्या वांट्यास आलें. दोन वर्षांच्या खटपटीनंतर, 1906 सालीं, यंत्र तयार झालें. पुढें त्यांनीं अशीं यंत्रें वाढवीत नेलीं. 1918 सालीं न्यू ब्रन्सविक येथील दोनशें किलोवॅट शक्तीच्या यंत्राचे संदेश युरोपांत पोंचूं लागले.

ह्यानंतर जें घडलें तें कोणत्याहि पित्यावर न येवो. ता. 30 एप्रिल 1923 रोजीं त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला घराजवळून कोणीं पळवून नेलें. मोठमोठीं यंत्रें उभारणारा हा पुरुष त्या दिवशीं इतर कोणत्याहि बापासारखाच असहाय होता. स्केनेक्टडीच्या नभोवाणी केंद्रावरून मुलाचें वर्णन पुनःपुन्हां सांगण्यांत आलें. नभोवाणी तेव्हां नवी होती. तें केंद्र सुरू होऊन जेमतेम सवा वर्ष झालें होतें. तिसऱ्या दिवशीं मूल सांपडलें. दूर थेरेसा गांवाजवळ उन्हाळी बंगल्यांची देखभाल करणाऱ्या एका मनुष्यानें तें वर्णन ऐकलें होतें, आणि त्यावरून त्यानें मुलास ओळखलें. ज्या विद्येस बापानें आयुष्य वाहिलें होतें, तिनेंच त्याचें लेंकरूं त्याच्या पदरांत परत घातलें.

त्यांच्या जन्मभूमीनेंहि त्यांचें यंत्र मागविलें. पहिल्या महायुद्धांत समुद्रतळाच्या तारांवर अवलंबून राहणें किती धोक्याचें आहे हें स्वीडनला कळून चुकलें होतें. शिवाय लक्षावधि स्वीडिश लोक अमेरिकेंत वसले होते. ग्रिमेटन येथें 127 मीटर उंचीचे सहा मनोरे उभे राहिले. ता. 2 जुलै 1925 रोजीं राजा पांचवा गुस्ताव्ह ह्यांनीं केंद्राचें उद्‌घाटन केलें, तेव्हां अलेक्झांडरसन तेथें हजर होते. ह्या यंत्राचें हृदय म्हणजे सुमारें 1.6 मीटर व्यासाचें एक पोलादी चक्र. त्याच्या कडेला 488 खांचा आहेत, व तें मिनिटाला 2,115 फेरे घेतें. ज्यांस गणित आवडतें त्यांनीं गुणाकार करून साठानें भागावें. सेकंदाचीं 17,200 कंपनें निघतात. त्या लहरीची लांबी सतरा किलोमीटरांहून अधिक!

पण ह्या अजस्र यंत्राचा काळ तोंवर सरत आला होता, आणि त्याला कारण झाले हौशी लोक. ज्या आंखूड लहरी निरुपयोगी समजून सरकारनें त्यांच्याकडे टाकल्या होत्या, त्यांवरच त्यांनीं चमत्कार केला. डिसेंबर 1921 मध्यें अमेरिकन हौशी मंडळींच्या लहान यंत्रांचे संदेश स्कॉटलंडमध्यें आर्ड्रोसन येथें ऐकूं आले. थोड्याच वर्षांत सर्व जगानें आंखूड लहरींची कांस धरली. अलेक्झांडरसन हळहळत बसले नाहींत. जानेवारी 1928 मध्यें त्यांनीं स्केनेक्टडींत दूरचित्रवाणीचा प्रयोग करून दाखविला. तीनशेंहून अधिक शोधांचे हक्क त्यांच्या नांवावर नोंदले गेले. ता. 14 मे 1975 रोजीं, वयाच्या 97 व्या वर्षीं, स्केनेक्टडी येथेंच त्यांचें निधन झालें.

त्यांच्या इतर यंत्रांची मोडतोड झाली. चालू स्थितींत उरलें तें एकटें ग्रिमेटनचें. 2004 सालीं युनेस्कोनें त्या स्थळाची जागतिक वारशांत गणना केली. जुलैच्या आरंभीं व नाताळच्या आदल्या दिवशीं तें चक्र फिरवून मोर्सलिपींत संदेश सोडण्याचा प्रघात पडला आहे. तो ऐकण्यास आतां देशोदेशींचे हौशी लोकच बसतात! लांकडी चौकटीवर तारेचे पुष्कळ वेढे घेऊन तीं टोंकें ते संगणकाच्या, एरवीं ध्वनि टिपणाऱ्या, मुखाशीं जोडतात. कारण 17,200 कंपनें टिपणें त्यास सहज शक्य असतें. अडचण असते ती गोंगाटाची. दूरदेशींच्या विजा त्या लहरींत कडकडतात, घरांतील दिवे गुरगुरतात. म्हणून कित्येक जण कडाक्याच्या थंडींत वस्तीपासून दूर शेतांत जाऊन बसतात. पडद्यावर गोंधळाच्या ठिपक्यांतून एक बारीक रेघ उमटते, तुटते, पुन्हां उमटते. ती वेळेसह टिपून घेऊन ते ग्रिमेटनला कळवितात.