ऑलिंपिक मेडल आणणाऱ्या खाशाबांची कुस्ती एका गुडघ्यापाशी थांबली

खाशाबा जाधव म्हटलं की हेलसिंकीचं ब्राँझ मेडल आठवतं. कराडला निघालेली शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक आठवते. पण चार वर्षांनी मेलबर्नला ऑलिंपिक झालं, तिथे खाशाबा का नव्हते?

कारण होतं गुडघा.

१५ जानेवारी १९२६ ला कराडजवळच्या गोळेश्वरात त्यांचा जन्म. वडील दादासाहेब पैलवान, पहिले वस्तादही तेच. टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. ढाक हा हुकमी डाव. १९४८ ला लंडनमध्ये ते पहिल्यांदा मॅटवर उतरले आणि थेट सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या पोरासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

१९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे पैलवान पाडले, ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी आधी कर्ज फेडलं. (आज मेडल आलं की बक्षिसांच्या घोषणा होतात, तेव्हा हप्ते फेडायचे होते.)

१९५५ ला ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. मेलबर्नची तयारी सुरू होती आणि गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. ऑलिंपिक हुकलं ते हुकलंच.

आता थोडं गुडघ्याबद्दल. पैलवान पाय रोवून अंग पिळतो, तेव्हा सगळा ताण गुडघ्यावर येतो. आतल्या गाद्या फाटतात, हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट तुटतात. त्या काळात एमआरआय नव्हता. उपाय म्हणजे प्लास्टर, विश्रांती, शेक, नाहीतर गुडघा उघडून फाटलेली गादी काढून टाकणं. आणि गादी काढल्यावर सांधा लवकर झिजतो, हे फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४८ लाच मांडलं होतं. म्हणजे खाशाबा लंडनला खेळले त्याच वर्षी! दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानच्या वातानाबे यांनी १९६२ ला केली. खाशाबांसाठी ते सगळं उशिराचं होतं.

आजचा फरक बघायचा तर विनेश फोगाट. ऑगस्ट २०२३ ला मुंबईत तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षाच्या आत ती पॅरिसमध्ये फायनलपर्यंत पोचली. (पुढे वजनाचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये.)

पण आपल्या घरातली गुडघेदुखी बहुतेक वेळा पैलवानाची नसते, झिजेची असते. ठाणे, डोंबिवली, कल्याणचे रेल्वे पूल चढताना कठड्याला धरून थांबणारे आईबाबा आठवा. त्यांच्यासाठी पहिला उपाय ऑपरेशन नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणं, हे आधी. दुखतं म्हणून चालणंच बंद केलं तर स्नायू आणखी ढिले पडतात. वरून लावायचं औषध किंवा गोळी डॉक्टरांना विचारून, कारण रोजच्या पेनकिलरने पोट आणि किडनी बिघडू शकते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांचाच असतो. नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीने सांधा धुऊन घेण्याचा फायदा नाही, असं आता अभ्यास सांगतात, त्यामुळे कुणी तो सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. सांधा पूर्ण झिजला, रात्रीची झोप उडाली, चार पावलं चालवेना, मग सांधा बदलण्याचा विचार. पंतप्रधान असताना वाजपेयींनी २००० आणि २००१ ला मुंबईच्या ब्रीच कँडीत दोन्ही गुडघे बदलून घेतले, तेव्हा हे ऑपरेशन घराघरात माहीत झालं. आधुनिक कृत्रिम गुडघा मात्र १९७० च्या दशकातला. तोपर्यंत खाशाबा पन्नाशीकडे आले होते.

मॅट सुटला तरी नोकरी सुटली नाही. जवळपास २७ वर्षं पोलिसात काढून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० साली, त्यांच्या मृत्यूला सोळा वर्षं झाल्यावर.