संत आपोलोनिया

९ फेब्रुवारी हा संत आपोलोनियाचा स्मरणदिन. इजिप्तमधील आलेक्सांद्रिया शहरातील ही वयोवृद्ध ख्रिस्ती कुमारिका. इ.स. २४९ मध्ये तेथे ख्रिस्ती लोकांवर जमाव चालून गेला. जमावाने तिला पकडले, जबड्यावर मारून तिचे सारे दात पाडले. नंतर आग पेटवून श्रद्धा सोडण्यास सांगितले, नाहीतर जिवंत जाळण्याची धमकी दिली. तिने क्षणभर मोकळीक मागितली आणि स्वतःच आगीत उडी घेतली. तिथले बिशप दियोनिसियस यांनी हे एका पत्रात लिहून ठेवले आहे. म्हणूनच दातदुखीत तिचा धावा करतात आणि चित्रांत तिच्या हाती चिमट्यात धरलेला दात असतो.

तिचे दात छळ करणाऱ्यांनी पाडले. आपले दात मात्र आपणच झिजवतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनेक आयाबाया रोज मिसरी लावतात. मिसरीने आणि जोरात घासण्याने दातावरचे कठीण आवरण झिजते, हिरड्या मागे सरतात, आतल्या थरातील बारीक नळ्या उघड्या पडतात. मग गार पाणी लागताच थेट नसेपर्यंत कळ जाते. मिसरी ही तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोगही होतो.

मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट काही आठवडे नियमाने वापरावी. आंबट खाल्ल्यावर चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासाने करावा. तरीही कळ थांबली नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.

संत आपोलोनियाकडे विनंती जरूर करू या. पण मिसरीची डबीही आजच घराबाहेर काढू या.