हिराबाई बडोदेकर
हिराबाई बडोदेकर (मूळ नाव: चंपाकली, जन्म: मिरज, १९०५, मृत्यू: १९८९) या किराणा घराण्याच्या शास्त्रीय गायिका होत्या. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. आईवडील विभक्त झाल्यावर ताराबाईंनी मुलांची नावे बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली आणि बडोद्यावरून बडोदेकर हे आडनाव रूढ झाले. नावातून वडील पुसले गेले, गळ्यातून त्यांचे घराणे गेले नाही. तालीम मात्र मुख्यतः अब्दुल वहीद खाँ व थोरले बंधू सुरेशबाबू माने यांची. त्यामुळे या गायकीला निव्वळ रक्ताचा वारसा म्हणणे अपुरे ठरते. स्त्रियांनी जाहीरपणे गाणे अप्रतिष्ठित मानले जाण्याच्या काळात त्यांनी तिकीट लावून जलसे केले. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. धाकट्या भगिनी सरस्वती राणे याही नामवंत गायिका होत्या.