जहाजाचा पंखा फिरत होता, पण जहाज काही पळत नव्हतं. बुडबुड्यांचं कोडं सोडवणारे चार्ल्स पार्सन्स

पंप सुरू आहे, मोटर ठणठणीत आहे, तरी आतून खडी फिरल्यासारखा आवाज येतोय आणि पाणी मात्र कमी पडतंय. पंप उघडला तर आतल्या चक्रावर, म्हणजे इंपेलरवर, उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात. या दुखण्याचं नाव आहे कॅव्हिटेशन. ते पहिल्यांदा समोर मांडून नीट पाहणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

चार्ल्स पार्सन्स यांचा जन्म 13 जून 1854 रोजी लंडनमध्ये झाला. वडील अर्ल ऑफ रॉस, म्हणजे बडे सरदार आणि नामांकित खगोलशास्त्रज्ञ. आयर्लंडमधल्या बर किल्ल्यावर त्यांनी 6 फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली होती. ती त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण. घरातच कारखाना असल्यावर पोराला यंत्रांचं वेड लागणारच. डब्लिन आणि केंब्रिजमध्ये गणित शिकून झाल्यावर सरदाराचा हा मुलगा थेट न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारी करायला गेला.

1884 मध्ये त्यांनी आधुनिक स्टीम टर्बाइन बनवलं. जुन्या इंजिनात वाफ दट्ट्या पुढे-मागे ढकलायची. पार्सन्स यांनी वाफेनं थेट पाती फिरवली. वेग किती, तर मिनिटाला 18,000 फेरे! पण 1889 मध्ये भागीदारी तुटली आणि स्वतःच्याच पेटंटचे हक्क हातातून गेले. ते 1894 मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी जहाजावर टर्बाइन बसवायचं त्यांनी ठरवलं.

टर्बिनियाची फजिती

जहाजाचं नाव टर्बिनिया. लांबी सुमारे 100 फूट, रुंदी फक्त 9 फूट आणि वजन 44 टन. इंजिन जबरदस्त होतं. पण चाचणीत वेग 20 नॉटच्याही आत अडकला, म्हणजे ताशी 37 किलोमीटरपेक्षा कमी. पंखे बदलून पाहिले, तरी फरक पडेना. नव्या कंपनीत लोकांचा पैसा अडकला होता आणि दहा वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

झालं असं होतं की पंखा गरजेपेक्षा जास्त जोरात फिरत होता. पाती वेगानं फिरली की त्यांच्या एका बाजूला पाण्याचा दाब खूप कमी होतो. दाब कमी झाला की पाणी उकळायला उष्णता कमी लागते. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं, त्याचं कारणही हेच. इथे तर दाब इतका उतरायचा की थंड पाण्याचीच वाफ व्हायची. पात्यांभोवती पोकळी तयार व्हायची आणि पंख्याला रेटायला पाणीच उरायचं नाही. याला कॅव्हिटेशन हे नाव सुचवलं ते रॉबर्ट एडमंड फ्रूड यांनी.

पार्सन्स यांनी इंजिनाची ताकद वाढवत बसण्याऐवजी आधी हा प्रकार डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. 1895 मध्ये त्यांनी पाण्याचा एक छोटा बोगदा बनवला आणि त्यात 2 इंचांचा पंखा बसवला. वरची हवा काढून दाब कमी केला आणि पंख्याच्या फेऱ्यांशी जुळवून प्रकाशाचे झोत सोडले. त्यामुळे फिरता पंखा डोळ्यांना थांबल्यासारखा दिसू लागला आणि बुडबुडे स्पष्ट दिसले.

मग उपाय सापडला. एकाच पंख्यावर सगळा भार टाकायचा नाही. टर्बिनियाला तीन टर्बाइन, तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर तीन असे एकूण नऊ पंखे बसवले. वेग 34 नॉटच्या पुढे गेला!

26 जून 1897 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेडला आरमाराची पाहणी होती. युद्धनौकांच्या रांगांमधून टर्बिनिया सुसाट निघाली. गस्तीच्या बोटींना ती हाती लागली नाही. पुढे 1906 मध्ये आलेली ड्रेडनॉट ही बलाढ्य युद्धनौकाही टर्बाइनवरच धावली.

पण बुडबुड्यांनी पिच्छा सोडला नाही. मोठ्या जहाजांच्या पंख्यांना खड्डे पडू लागले. जास्त दाबाच्या जागी पोचताच बुडबुडा क्षणात मिटतो आणि भोवतालचं पाणी हातोड्यासारखं धातूवर आदळतं. 1919 मध्ये पार्सन्स आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कुक यांनी हे प्रयोगानं दाखवून दिलं.

मग पंपाचं काय?

पंपातही हेच घडतं. फक्त दाब उतरतो तो ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे सक्शनला. त्यामुळे काळजीही तिथेच घ्यायची.

- पंप शक्य तितका पाण्याजवळ ठेवा. हवेचा दाब पाण्याला साधारण 10 मीटरच चढवू शकतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी.
- सक्शन पाइप आखूड आणि रुंद ठेवा, वळणं कमी ठेवा.
- जाळी आणि फूटव्हॉल्व्ह साफ ठेवा. पाणी कमी करायचं असेल तर सक्शनचा नाही, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह फिरवा.
- तेलाच्या पंपात तेल फार घट्ट नको. थंडीत घट्ट झालेलं तेल पंपापर्यंत वेळेत पोचत नाही. टाकीतली पातळी आणि फिल्टरही पाहा.
- पंप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त फिरवू नका.

11 फेब्रुवारी 1931 रोजी जमैकातल्या किंग्स्टन बंदरात, एका जहाजावरच पार्सन्स यांचं निधन झालं. टर्बिनिया आजही न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये उभी आहे. तेव्हा पंपातून खडीचा आवाज आला तर मोठी मोटर आणायच्या आधी सक्शनची बाजू तपासा. पार्सन्स यांनीही ताकद वाढवण्याआधी बुडबुडेच पाहिले होते.