लाकडी उंदराचा जनक

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन प्लीज सांभाळून घ्या!

ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला माउसने रेघ काढायचा प्रोग्राम होता. मी वर क्लिक केलं की रेघ खाली उमटायची! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, की माउस इव्हेंटमधला वाय वरून मोजतात आणि ओपनजीएलमधला खालून. विंडोच्या उंचीतून वाय वजा केला आणि सुटले. पण मनात आलं, हा उंदीर आणला तरी कोणी?

तो आणला डग्लस एंगलबार्ट यांनी. जन्म ३० जानेवारी १९२५, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात रडार टेक्निशियन होते. पडद्यावरचे ठिपके वाचायची सवय तिथलीच. पुढे त्यांना वाटलं, कॉम्प्युटरनेही असंच पडद्यावर लगेच उत्तर द्यावं. त्या काळी पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि वाट बघत बसायचं!

१९५७ मध्ये ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आले. १९६४ मध्ये सहकारी बिल इंग्लिश यांनी त्यांच्या कल्पनेवरून पहिला माउस बनवला. लाकडी खोकं, वर एक बटण, खाली काटकोनात दोन चाकं. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. आपल्या फंक्शनमधले एक्स आणि वाय म्हणजे तीच दोन चाकं की!

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार लोकांसमोर त्यांनी दीड तास डेमो दिला. उजव्या हाताखाली माउस, मधे कीबोर्ड, डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा कीसेट. दूरच्या लॅबमधल्या सहकाऱ्यासोबत त्यांनी एकाच पडद्यावर कामही करून दाखवलं.

पुढे मात्र पैसा आटला, सहकारी झेरॉक्सच्या लॅबमध्ये गेले. १९७० चं पेटंट इन्स्टिट्यूटच्या मालकीचं, त्यामुळे यांना रॉयल्टीचा एक पैसाही नाही. माणसांनी मिळून अवघड प्रश्न सोडवावेत म्हणून त्यांनी अख्खी सिस्टिम उभारली होती. जगाने त्यातला माउस तेवढा उचलला. १९९७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २ जुलै २०१३ ला ते गेले.

हे वाचल्यावर मी प्रोग्राम परत उघडला. कीबोर्डचं फंक्शन रिकामंच होतं, कारण मार्क फक्त माउसला होते. आता माझा डावा हात कळ दाबून रंग बदलतो, उजवा रेघ ओढतो. मार्क तेवढेच मिळाले, पण चित्र काढायला खरंच मजा येते.